लबाड, थाप, हूल, दगा: कोणता शब्द कुठे लागतो

'खोटं' या एका शब्दावर मराठीने इतकं ओझं टाकलंय की तक्रारअर्जात तो जवळजवळ निकामी ठरतो. खोटे दात, खोटा दागिना, खोटी सही, खोटी साक्ष, खोटं नाणं, खोटा राग. खोट्या दातांनी कुणी नागवला जात नाही, खोट्या सहीने जातो, आणि खोट्या रागात तर मायाच असते. 'तो खोटं बोलला' एवढं वाक्य लिहिलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय घडलं ते कळत नाही. त्याला मग दहा प्रश्न विचारावे लागतात, किंवा तो ते विचारतच नाही आणि अर्ज बाजूला पडतो.

मराठवाड्यात या कामाचे शब्द भरपूर आहेत. काही संतांच्या तोंडचे, काही बाजारातले, काही फारसी-अरबी वळणाचे. दगा, बहाणा, सबब, फितूर हे सगळ्या मराठीचेच शब्द. इथे सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची कचेरी उर्दूत चालत असल्यामुळे ते कागदावरही सतत येत राहिले. यातला योग्य शब्द निवडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. सांगणाऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं का? ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा अशी त्याची इच्छा होती का? आणि त्या विश्वासापायी ऐकणाऱ्याच्या हातून काय गेलं?

सगळ्यात आधी 'लबाड'. पुण्याकडे आजी नातवाला 'लबाड कुठला' म्हणते तेव्हा तो लाडाचा शब्द असतो. आपल्याकडे खेड्यात 'लबाड बोलू नगं' म्हणजे थेट 'खोटं बोलू नकोस'. इथे लबाड हा माणसाचा गुण आहेच, शिवाय बोलण्याचंही नाव आहे. त्यामुळे बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा बँकेच्या साहेबाला 'तुमी लबाड बोलायलात' हे वाक्य सौम्य वाटू शकतं, आणि बोलणारा मात्र गंभीर आरोप करत असतो. 'लबाडी' मात्र दोन्हीकडे सारखीच: त्यात स्वतःचा फायदा असतो. फायद्याशिवाय कुणी लबाडी करत नाही, पण फायद्याशिवाय लोक थापा भरपूर मारतात.

'लबाडाचं आवतण जेवल्याबिगर खरं नाही' ही म्हण जपून ठेवण्यासारखी आहे. आवतण दिलं त्या क्षणी ते खरं की खोटं हे कुणालाच सांगता येत नाही. पान वाढलं जाईपर्यंत थांबावं लागतं. दिलेलं वचन आणि सांगितलेली माहिती यांतला हा फरक पुढे पोलीस ठाण्यातही कामाला येतो.

थाप तोंडावर, आयत्या वेळी मारली जाते. उशीर का झाला, पैसे का आणले नाहीत, फोन का उचलला नाही. ती टिकाऊ नसते, मारणाऱ्यालाही ती टिकवायची नसते. जागच्या जागी ताजी रचलेली, ऐकायला खमंग अशी असेल तर ती लोणकढी थाप. बाता मारणारा स्वतःला मोठं करतो: मुंबईत माझी एवढी ओळख, मंत्री माझ्या घरी जेवून गेले. ऐकणारा बहुतेक वेळा जाणून असतो आणि नुकसान कुणाचंच होत नाही. भूलथाप मात्र निराळ्या जातीची. ती ऐकणाऱ्याच्या गरजेवर किंवा लोभावर बेतलेली असते: मुलाला नोकरी लावतो, महिन्याला दहा टक्के देतो, अनुदान मंजूर करून आणतो. मारणाऱ्याने आधी समोरच्याची अडचण हेरलेली असते. म्हणून बातमीत 'भूलथापांना बळी पडला' असं येतं. 'बातांना बळी पडला' असं कुणी लिहीत नाही. बाता मारणारा माणूस एक दिवस कुणाकडून पैसे घेतो तेव्हा त्याच बाता भूलथापा होतात; शब्द बदलतो तो पैसे हातातून सुटले त्या क्षणी.

बहाणा आणि सबब यांचा कल काम टाळण्याकडे. बहाण्यात नाटक असतं, पोट दुखल्याचा बहाणा. सबब नुसती पुढे केली जाते आणि ती अर्धी खरीही असू शकते. इथे एक इशारा: वकिलांनी लिहिलेल्या अर्जात 'सबब विनंती की' असं येतं तिथे या शब्दाचा अर्थ 'म्हणून' असा जुनाच आहे. त्यात कुणी काही टाळत नाही.

सोंग आणि ढोंग हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, आणि त्याने खरंच नुकसान होतं, कारण यांच्यातला फरक फार मोलाचा आहे. सोंग बघणाऱ्याला ठाऊक असतं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत जोशी, गोंधळी, वासुदेव अशी किती सोंगं उभी केली. समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की आत कीर्तनकार आहे. तमाशातला सोंगाड्याही तसाच. ढोंग बघणाऱ्यापासून लपवलेलं असतं, आणि ते उघडं पडलं की संपतं. 'झोपेचं सोंग' हा प्रयोग मधला आहे: झोपलेला बनतोय हे उठवणाऱ्याला बहुधा कळलेलंच असतं, म्हणून तिथे सोंग चालतं. 'आजारपणाचं ढोंग' म्हणताना मात्र कुणीतरी रजा दिली आहे, औषधाला पैसे दिले आहेत, असं गृहीत असतं. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हणही याच फरकावर उभी आहे. पैसा बघणाऱ्याच्या हातात पडावा लागतो, नुसता दिसून भागत नाही.

ढोंगी माणूस आपल्या चांगुलपणाबद्दल फसवतो. तो गळ्यात माळ घालून आडून काही करत असेल, पण तुमच्या खिशाला हात लावेलच असं नाही. भोंदू लावतो. गुप्तधन काढून देतो, मूल होण्यासाठी अमुक विधी करतो असं सांगून जो पैसा, दागिना किंवा देह मागतो तो भोंदू. दैवी शक्ती असल्याचं भासवून लुबाडणं आणि तसल्या अघोरी प्रथा यांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून वेगळा जादूटोणाविरोधी कायदा आहे. म्हणून अर्जात 'ढोंगी बाबा' असं चिडून लिहिण्यापेक्षा त्याने कोणती शक्ती असल्याचं सांगितलं, कोणता विधी करायला लावला आणि काय घेतलं, या तीन गोष्टी लिहाव्यात. ढोंगीपणा गुन्हा नाही, भोंदूगिरी आहे.

लटका हा शब्द आता 'लटका राग' यापुरता उरलाय. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई यांच्या काळच्या मराठीत 'लटिके' म्हणजे चक्क असत्य होतं. आज त्यात कुणाला फसवायचा हेतूच राहिला नाही.

पावसाबद्दल बोलताना मराठवाड्याइतका नेमकेपणा क्वचितच कुठे असेल. ढग भरून येतात, वारा सुटतो, आणि पाऊस शेजारच्या शिवारात पडतो किंवा पडतच नाही: ही हुलकावणी. पेरणी झालेली नसते, त्यामुळे गेलं काहीच नाही, नुसती आशा गेली. मृगात बरा पडला, त्याच्या भरवशावर बी-खत मातीत गेलं आणि नंतर पंधरा-वीस दिवस उघडीप: हा दगा. इथे विश्वास होता आणि त्या विश्वासावर खर्च झालेला होता. माणसांनाही हेच लागू पडतं. कबड्डीतला चढाईपटू हूल देतो, पोलिसांना चोर गुंगारा देतो, पण दगा फक्त आपला माणूसच देऊ शकतो. अनोळखी माणसाने फसवलं तर 'दगा दिला' म्हणणं बसत नाही. आणि 'दगाफटका' म्हटलं की जिवाचीच भीती असते. पैशाच्या व्यवहाराला तो शब्द वापरू नये.

आता वस्तूंकडे. नकली, बनावट, बोगस, डुप्लिकेट, भेसळ, निकृष्ट हे शब्द खरिपाच्या तोंडावर सगळे एकत्र ऐकू येतात, आणि बियाण्याच्या तक्रारी निकालात निघतात त्या बहुतेक इथेच.

बाजारातल्या बियाण्याच्या पिशवीवर टॅग असतो. निळा टॅग प्रमाणित बियाण्याचा, म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेल्या बियाण्याचा. फिकट हिरवा टॅग सत्यप्रत बियाण्याचा. तिथे उगवणशक्ती, शुद्धता हे आकडे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. सोयाबीनच्या उगवणशक्तीची किमान मर्यादा 70 टक्के आहे. आता चार वेगळ्या घटना बघा. नामांकित कंपनीच्या छपाईसारखी हुबेहूब पिशवी तयार करून आत मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, साधं सोयाबीन भरलं: हे बनावट बियाणं. पिशवी खरी, टॅग खरा, पण उगवण 45 टक्के: हे निकृष्ट. उगवण चांगली झाली पण शेतात दोन-तीन वाणांची झाडं दिसतात, फुलांचा रंग आणि पक्व होण्याचे दिवस वेगवेगळे: ही भेसळ. कपाशीचं विनापरवाना, तणनाशक सहन करणारं वाण जाणूनबुजून घेतलं, ज्याला लोक 'चोर बीटी' म्हणतात: हे अनधिकृत, आणि तिथे पक्की पावतीच नसल्याने तक्रारीला पायच राहत नाही. चारही ठिकाणी सर्रास 'बोगस' लिहिलं जातं. बोगसचा ठोका मोठा, पण त्यातून पंचनामा करणाऱ्याला काय तपासायचं ते कळत नाही. निकृष्ट म्हटलं की तो उगवण मोजतो, भेसळ म्हटलं की झाडं मोजतो, बनावट म्हटलं की पिशवी, लॉट क्रमांक आणि विक्रेत्याचा परवाना बघतो.

आणि पाचवी शक्यता अशी की बियाणं ठीकच होतं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोती आपटली, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले की अंकुर आतच दुखावतो. पेर 5 सेंटिमीटरच्या खाली गेली, किंवा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरलं, तरी उगवण बसते. म्हणून पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी नीट कोंब आलेले दाणे मोजावेत. 70 किंवा अधिक निघाले तर एकरी 30 किलो हे नेहमीचं प्रमाण पुरतं. पिशवी फोडताना टॅग न फाटेल अशी खालून फोडावी, मूठ-दोन मूठ बी तिच्यातच शिल्लक ठेवावं आणि पावती जपावी. न उगवल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्यावी. रान मोडून दुबार पेरणी केल्यावर पंचनाम्याला शेतात काही उरत नाही.

माणसांसाठी बोगस आणि तोतया हे जवळजवळ उभे-आडवे शब्द आहेत. बोगस डॉक्टरकडे पदवी नसते. तो स्वतःच्याच नावाने दवाखाना चालवत असतो. तोतया दुसराच कुणी असल्याचं सांगतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया पेशवाईत वर्षानुवर्षं गाजला, आणि आजच्या बातम्यांतले तोतया पोलीस, तोतया आयकर अधिकारी त्याच रांगेतले. यांच्यासोबत येणारा शब्द 'बतावणी': पोलीस असल्याची बतावणी करून दागिने काढायला लावले. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'डिजिटल अरेस्ट' करणारेही तोतयेच. असं घडल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच थांबवता येण्याची शक्यता जास्त.

मोंढ्यात एक गोष्ट नीट कळते: फसवणुकीला खोटं बोलावंच लागतं असं नाही. दांडी मारणारा मापाडी तोंडातून चकार शब्द काढत नाही. जुन्या तराजूची दांडी बोटाने दाबली जायची. आता इलेक्ट्रॉनिक काटा शून्यावर न आणताच पोतं चढवलं जातं किंवा काटा समतल जागी ठेवलेला नसतो. पोतं चढण्याआधी आकडा शून्य दिसतो का ते बघावं, स्वतःचं ठाऊक वजन एकदा ठेवून पाहावं, आणि काट्यावर चालू वर्षाच्या पडताळणीचा शिक्का आहे का ते तपासावं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. याला म्हण आहे 'मापात पाप', आणि ही फसवणूकच आहे.

पण व्यापारी समोरासमोर म्हणतो, 'माती आहे, ओल आहे, क्विंटलमागं दोन किलो कडता धरतो, पटत असेल तर बघा', म्हणजे तेवढं वजन कापून घेतो, तेव्हा फसवणूक हा शब्द चुकतो. इथे काहीच लपवलेलं नाही. शेतकऱ्याला भाडं भरून माल परत नेणं परवडत नाही, त्याचा फायदा घेतला जातोय. याचं नाव अडवणूक. फसवणुकीची तक्रार केली तर व्यापारी सहज म्हणेल, 'मी तर सांगूनच घेतलं.' नियमात न बसणारी कपात म्हणून बाजार समितीकडे तक्रार करायची तर 'अडवणूक' आणि 'बेकायदा कपात' हेच शब्द लिहावेत, सोबत काटापट्टी आणि हिशोबपट्टी जोडावी. दोन्ही पट्ट्यांवरच्या वजनातला फरकच पुरावा ठरतो.

जनावरांच्या बाजारातही न बोलता फसवतात. हाळी-हंडरगुळीच्या किंवा माळेगावच्या बाजारात गाय उभी करताना आदल्या वेळची धार काढलेलीच नसते, कास तटतटलेली दिसते. म्हणून जाणता गिऱ्हाईक लागोपाठ दोन वेळची धार समोर काढायला लावतो. बैल मारका आहे, औताला बसतो, ही खोड विचारल्यावरही लपवली तर ती फसवणूक होते. भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमाच्या स्पष्टीकरणात वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवणं हीसुद्धा फसवणूक धरली आहे. याउलट 'असला बैल अख्ख्या तालुक्यात नाही' ही बाजारातली फुशारकी. तिच्यावर अर्ज करून हाती काही लागत नाही.

आता पैशाचा व्यवहार. हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. शब्द मोडणं, शब्द फिरवणं, पैसे बुडवणं, हात वर करणं, अपहार, फसवणूक. यात कायद्याची रेघ एका जागी आहे: हेतू सुरुवातीपासून खोटा होता का?

ऊसतोडीची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, हे उदाहरण घ्या. वाहनमालकाने मुकादमाला, म्हणजे मजूर जमवणाऱ्याला, टोळीसाठी रक्कम दिली. टोळी आली, महिनाभर तोड केली आणि आजारपणामुळे किंवा भांडण होऊन निघून गेली: करार मोडला, पैसे फिटले नाहीत, हा वसुलीचा दिवाणी वाद. त्याच टोळीच्या नावावर मुकादमाने एकाच हंगामासाठी दोन-तीन वाहनमालकांकडून उचल घेतली, किंवा यादीतली माणसं मुळात नव्हतीच: इथे पैसे घेतानाच फसवायचं ठरलेलं होतं. अर्जात तारखेसह हे दाखवता आलं पाहिजे. आणि उलट बाजूही तितकीच खरी. न केलेले खाडे मजुराच्या नावे लावणं, फेडलेली उचल वहीत कमी न करणं, हा खोटा हिशोब. इथे 'खोटा' अगदी बरोबर बसतो, कारण वही कागदोपत्री तपासता येते.

विश्वासाने सोपवलेली वस्तू किंवा रक्कम स्वतःकडे वळवणं हे वेगळं. बचत गटाची शिल्लक, संस्थेची रोकड, राखायला दिलेलं सोनं. घेताना हेतू स्वच्छ होता, नंतर फिरला. याला लोकभाषेत विश्वासघात, कागदावर अपहार, आणि कायद्याच्या मराठीत 'फौजदारीपात्र न्यासभंग' म्हणतात. त्या मराठीत फसवणुकीला जुना शब्द आहे 'ठकवणूक', बनावट कागद करण्याला 'बनावटीकरण', तोतयाच्या गुन्ह्याला 'तोतयेगिरी करून ठकवणूक'. 1 जुलै 2024 पासून झालेल्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते: न्यासभंग कलम 316, ठकवणूक 318, तोतयेगिरी 319, बनावटीकरण 336. सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'चारसोबीस' आता कलम 318 च्या चौथ्या पोटकलमात गेलं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. एकाच पैशाबद्दल 'आधीपासून फसवायचा हेतू होता' आणि 'विश्वासाने सोपवलं होतं' अशा दोन्ही गोष्टी एकदम म्हणता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे पुन्हा बजावलं. गावाकडे सवयीने 'फसवणूक व विश्वासघात केला' असं जोडीने लिहितात. त्याऐवजी पैसे देताना समोरचा नेमकं काय म्हणाला तेच शब्द लिहिले तर गुन्हा कोणता हे आपोआप दिसतं.

खोट्या आरोपाचेही थर आहेत. आरोप खरा असू शकतो, खोटाही. आळ हा निर्दोष माणसावरच येतो. चहाडी बहुधा खरीच असते, वाईट असतो तो सांगण्यामागचा हेतू. कंडी, म्हणजे खोटी अफवा, एकट्याने पिकवता येते. कुभांडाला रचना लागते, कागद लागतात, साक्षीदार लागतात. कांगावा करणारा स्वतः मारून आधी ठाण्यात पोचलेला असतो. आणि कोर्टात आधीचा जबाब नाकारणारा साक्षीदार 'फितूर' ठरतो, तेव्हा तो खोटं बोलला असंच त्यातून निघत नाही. कदाचित आधीचा जबाबच त्याच्या नावावर कुणी लिहिला असेल. फितूर झाला म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूला त्याने साथ दिली नाही, एवढंच. जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचं वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि त्याचं कलमही वेगळं, 229.

पीकविमा किंवा अनुदानाच्या अर्जाखाली 'वरील माहिती खोटी आढळल्यास मी जबाबदार राहीन' असं छापलेलं असतं. गट क्रमांक चुकून दुसरा पडला तर ती चुकीची माहिती. लक्षात येताच लेखी दुरुस्ती अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुसऱ्याच्या गटावर स्वतःचं पीक दाखवलं तर ती खोटी. नोटीस आली तर उत्तरात 'माहिती खोटी होती, माफ करा' असं नम्रतेपोटी कधीही लिहू नये. 'नजरचुकीने चुकीची नोंद झाली' असं लिहावं, अर्थात तसं खरोखर झालं असेल तरच, आणि सोबत सातबारा जोडावा.